पाळणाघराची निवड आणि त्यानंतरची आपली जबाबदारी: नाशिकच्या पालकांसाठी

पाळणाघर पाहायला गेलेले पालक बहुधा भिंती पाहून परत येतात. भिंतींवरची चित्रे, रंगीत गाद्या, घसरगुंडी आणि दारावरचा कॅमेरा पाहून होतो, फी विचारली जाते आणि बाळाला दिवसाचे नऊ तास प्रत्यक्ष उचलणाऱ्या, भरवणाऱ्या, धुणाऱ्या मावशींशी एक वाक्यही न बोलता घरी परतणे होते. पहिल्या मुलीच्या वेळी मीही हेच केले. नीटनेटके वाटले म्हणून एका ठिकाणी तिचे नाव घातले आणि तीन आठवड्यांनी एका दुपारी अर्धी रजा टाकून न कळवता गेले, तेव्हा अकरा मुले, एक मावशी आणि चालू टीव्ही असे दृश्य पाहायला मिळाले. त्या मावशींचा काही दोष नव्हता. त्यांच्या जोडीच्या मावशी आठ दिवसांपूर्वी काम सोडून गेल्या होत्या आणि ही गोष्ट एकाही पालकाला सांगितलेली नव्हती. दुसऱ्या मुलाच्या वेळी मी क्रम उलटा केला: आधी मावशी पाहिल्या, मग जागा पाहिली आणि भिंतींकडे लक्ष गेले ते शेवटी. पुढील सर्व पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

आधी घरचे वेळापत्रक कागदावर मांडा

शोध सुरू करण्यापूर्वी आई आणि बाबा या दोघांच्याही कामाच्या वेळा, प्रवासाचा वेळ आणि साप्ताहिक सुट्टीचा वार लिहून काढावा. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट करणाऱ्या आईला सकाळी सातच्या आत बाळ सोडावे लागते, तर पुष्कळ पाळणाघरे साडेआठ-नऊशिवाय उघडत नाहीत. शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल, तर आठवड्याआड बदलणारी वेळ पाळणाघराला चालेल का, हा पहिलाच प्रश्न असायला हवा. नाशिकमध्ये अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नाही. सायंकाळी सहा वाजता द्वारका चौक ओलांडायला लागणारी मिनिटे, किंवा कारखाने सुटण्याच्या वेळी अंबड लिंक रोडवर अवजड वाहनांमागे जाणारा वेळ, हेच खरे अंतर. म्हणून एखादे पाळणाघर पसंतीस येऊ लागले, की कामाच्या दिवशी, परतण्याच्या वेळेला त्या रस्त्याने एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद राहतील, तेव्हा पंचवटी किंवा जुन्या नाशकातून मूल आणायचे झाल्यास काय करायचे, याचाही विचार आधीच केलेला बरा.

पाळणाघर घराजवळ असावे की कामाजवळ, यावर घरोघरी वाद होतो. माझे मत असे, की बाळ अंगावर पीत असेल आणि कामाच्या जागेवरून मध्ये निघता येत असेल, तर कामाजवळचे घ्यावे. एरवी घराजवळचे घ्यावे, कारण आपल्याला उशीर झाला तर शेजारच्या काकू किंवा आजोबा चालत जाऊन मुलाला आणू शकतात. अडचणीच्या वेळी मुलाला आणायला जाऊ शकेल असे तिसरे माणूस कोण, हे घरात ठरलेले नसेल तर ते आधी ठरवावे.

याच टप्प्यावर आपल्या आस्थापनेकडेही चौकशी करावी. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याची जबाबदारीही आली. ही संख्या स्त्री आणि पुरुष कर्मचारी मिळून मोजायची असते. तेथे असलेल्या बाळाला भेटण्यासाठी आईला दिवसातून चार वेळा जाता येते, आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दोन विरामही मिळतात. अनेक कारखान्यांत ही सोय कागदावरही नसते, कारण ती कोणी मागितलेली नसते. चार-पाच आयांनी मिळून मनुष्यबळ विभागाला लेखी अर्ज द्यावा. स्वतंत्र पाळणाघर नाही निघाले, तरी जवळच्या एखाद्या पाळणाघराशी कंपनीने करार करण्याचा मार्ग खुला असतो. खासगी फी परवडणारी नसेल त्यांनी आपल्या प्रभागातील अंगणवाडी सेविकेकडे केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेची चौकशी करावी. या योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून दिवसभराचे पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. साधी अंगणवाडी मात्र काही तासांचीच असते, ती पूर्ण दिवसाची गरज भागवत नाही.

यादी करताना कोणाला विचारावे

रजा संपण्याच्या किमान दोन महिने आधी शोध सुरू करावा. फलक आणि जाहिराती यांपेक्षा ज्यांचे मूल सध्या त्या पाळणाघरात आहे आणि ज्यांनी मूल तिथून काढले आहे, अशा दोन्ही प्रकारच्या पालकांशी बोलावे. दुसऱ्या गटाकडून जास्त कळते. बालरोगतज्ज्ञांकडे लसीकरणासाठी रांगेत बसलेल्या आया, सोसायटीतल्या धुणीभांडी करणाऱ्या ताई आणि पाळणाघराच्या खालचा किराणा दुकानदार यांना त्या घराची जेवढी माहिती असते, तेवढी कोठेच छापलेली सापडणार नाही. विचारताना ‘चांगले आहे का’ असे विचारू नये, कारण त्याला ‘हो, चांगले आहे’ एवढेच उत्तर मिळते. ‘गेल्या वर्षभरात तिथल्या मावशी किती वेळा बदलल्या’ असे विचारावे. यादीत तीन किंवा चारच ठिकाणे ठेवावीत. दहा ठिकाणे पाहणाऱ्याला शेवटी एकही नीट आठवत नाही.

दोन भेटी: एक सांगून, एक न सांगता

पहिली भेट वेळ ठरवून घ्यावी आणि ती चालकताईंशी बोलण्यासाठी वापरावी. मुलांना किती वयोगटांत विभागले आहे, प्रत्येक गटाला ठरलेल्या मावशी कोण, त्यांना इथे किती वर्षे झाली, एखाद्या मावशी रजेवर असल्या तर त्यांच्या जागी कोण येते, मूल पडले किंवा चावा घेतला तर पालकांना केव्हा आणि कसे कळवले जाते, हे प्रश्न शांतपणे विचारावेत. उत्तरांपेक्षा उत्तर देण्याची पद्धत अधिक बोलकी असते. ‘आमच्याकडे मुले कधी पडतच नाहीत’ असे सांगणाऱ्या ताईंपेक्षा ‘मागच्या महिन्यात एक मूल उंबऱ्याला अडखळले, ओठ फुटला, लगेच फोन केला’ असे सांगणाऱ्या ताई मला जास्त विश्वासू वाटतात.

आम्ही कोणत्याही वेळी, न कळवता आलो तर आत येऊ द्याल का, हा प्रश्न शेवटी अवश्य विचारावा. मुलांच्या झोपेच्या वेळी दारावर थाप नको, मोठ्याने बोलणे नको, एवढी अट रास्त आहे. पण ‘पालकांना फक्त दारापर्यंत’ असा नियम असेल, तर ते नाव यादीतून काढून टाकावे.

दुसरी भेट न कळवता, सकाळी साडेअकरा ते दुपारी साडेबारा या वेळात घ्यावी. हा पाळणाघरातला सर्वांत कठीण तास असतो: लहानांना झोप आलेली असते, मोठ्यांना भूक लागलेली असते, कोणाची शी झालेली असते आणि कोणाचा तरी डबा सांडलेला असतो. या तासात एका कोपऱ्यात उभे राहून फक्त पाहावे. रडणाऱ्या बाळाला किती वेळात कोणी उचलते? मावशी मुलाशी बोलताना त्याच्या नावाने बोलतात की ‘ए, गप बस’ म्हणतात? भरवताना एकाच वाटीतून, एकाच चमच्याने तिघांना घास दिले जातात का? लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुतले जातात का? मुले मावशींच्या मांडीवर आपणहून येऊन बसतात की त्या उठल्या की दचकतात? टीव्ही किंवा मोबाईल चालू आहे का, आणि तो मुलांसाठी आहे की मावशींसाठी, हेही पाहावे. थोडी रडारड आणि थोडा पसारा असेल तर घाबरू नये. दहा लहान मुले असूनही दुपारी बारा वाजता एकदम चिडीचूप असलेल्या खोलीची मला अधिक काळजी वाटते.

तिसरी भेट शक्य असेल तर सायंकाळी, मुले घरी जाण्याच्या वेळी घ्यावी. अनोळखी माणूस मुलाला न्यायला आला तर दारातच थांबवतात का, हे तेव्हा कळते.

हात मोजा, मग फी पाहा

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी जी किमान मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि एक मदतनीस, तर तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे तेवढेच मनुष्यबळ असे प्रमाण आहे. म्हणजे लहानांच्या खोलीत दोन माणसे आणि दहा मुले. हे किमान प्रमाण आहे. ज्या आईने एकटीने जुळी सांभाळली आहेत तिला विचारले, तर एका वर्षाखालील पाच बाळे एका मावशींकडे देणे म्हणजे काय, हे ती सांगेल. माझ्या मते एक वर्षाखालील तीन किंवा फार तर चार बाळांमागे एक मावशी असाव्यात आणि त्या मावशींकडे स्वयंपाक, फरशी पुसणे किंवा दार उघडणे ही कामे नसावीत. मोजताना चालकताईंना त्या संख्येत धरू नये. त्या फोनवर असतात, पालकांशी बोलत असतात.

आता फीचे गणित. उदाहरण म्हणून मावशींचा पगार महिना १२,००० रुपये आणि त्यांच्याकडे चार बाळे असे धरले, तर प्रत्येक बाळामागे ३,००० रुपये निव्वळ पगारालाच लागतात. जागेचे भाडे, वीज, पाणी, नाश्ता, साबण-फिनेल आणि चालकताईंचा स्वतःचा चरितार्थ यांचा खर्च त्यावर वेगळा. असे असताना कोणी जेवणासह २,५०० रुपयांत बाळ सांभाळतो म्हणत असेल, तर एकतर मावशींना फार कमी पगार मिळतो किंवा त्यांच्याकडे मुले फार जास्त आहेत. पगार कमी असला की मावशी चार महिन्यांत दुसरीकडे जातात, आणि बाळाला पुन्हा नव्या माणसाच्या अंगाची, आवाजाची सवय करावी लागते. उलट, मोठी फी म्हणजे चांगला पगार असेही नसते. ती फी वातानुकूलन आणि प्रवेशद्वाराच्या सजावटीत गेलेली असू शकते. म्हणून मावशींचा पगार काय, हा प्रश्न आपल्याकडे संकोचाचा वाटत असला, तरी तो मी ताईंना एकांतात सरळ विचारते. उत्तर आकड्यात नाही मिळाले तरी चालेल, पण ‘त्यांना आठवड्याची सुट्टी आणि दिवाळीचा बोनस मिळतो का’ एवढ्याचे तरी उत्तर मिळायला हवे.

फीबद्दल लेखी घ्यायच्या बाबी अशा: प्रवेश शुल्क आणि अनामत परत मिळते का, दिवाळी आणि मे महिन्यात मूल महिनाभर गावी गेले तर पूर्ण फी की अर्धी, उशिरा नेल्यास तासाला किती, आणि सोडताना किती दिवसांची सूचना द्यायची.

जागा पाहताना

तळमजला उत्तम. वरच्या मजल्यावर असेल तर जिन्याला दार हवे, गॅलरीला मुलाचे डोके अडकणार नाही एवढ्या अरुंद फटींचे ग्रिल हवे आणि आगीच्या वेळी बाहेर पडता येईल असा दुसरा मार्ग किंवा उघडणारी खिडकी हवी. गॅस सिलिंडर मुलांच्या खोलीपासून दूर, दार लागणाऱ्या स्वयंपाकघरात असावा. अग्निशामक उपकरण भिंतीवर दिसले म्हणून समाधान मानू नये, त्यावरील मुदतीची तारीख वाचावी आणि ते चालवता येते का, हे मावशींनाच विचारावे.

पाण्याबद्दल मी जरा जास्तच काटेकोर आहे. नाशिकच्या जुन्या बंगल्यांत आवारात जमिनीखालची टाकी असते, क्वचित आडही असतो; त्यावरचे झाकण मुलाला हलवता येणार नाही असे आणि कुलूपबंद असावे. न्हाणीघरात भरून ठेवलेली बादली ही त्याहून मोठी भीती आहे, कारण नुकते उभे राहू लागलेले मूल डोक्याकडून त्यात पडले तर स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही आणि वीतभर पाणीही त्याला पुरते. बादल्या रिकाम्या आणि पालथ्या ठेवतात का, हे दोन्ही भेटींत पाहावे. गोदावरी किंवा नासर्डीच्या काठच्या सखल भागात पाळणाघर असेल, तर गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्यावर मुलांना कोठे हलवणार आणि पालकांना कोण कळवणार, हे विचारून ठेवावे. दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या भागापर्यंत पाणी चढले यावर पूर मोजणाऱ्या शहरात हा प्रश्न कोणाला विचित्र वाटणार नाही.

नाशिकची थंडीही लक्षात घ्यायला हवी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो, आणि सकाळी सातला सोडलेले बाळ गार फरशीवर रांगत असते. जाड सतरंजी, कोमट पाण्याची सोय आणि खोलीत येणारे ऊन पाहावे. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीही चालणार नाही, तिच्या धुरातील विषारी वायूला वासही नसतो.

कागदपत्रे

शॉप अ‍ॅक्टचे प्रमाणपत्र दाखवून ‘आमचे पाळणाघर रजिस्टर्ड आहे’ असे सांगितले जाते. ती व्यवसायाची नोंद झाली, मुले सांभाळण्याच्या दर्जाचा तो दाखला नव्हे, एवढे लक्षात ठेवावे. त्याखेरीज सर्व कर्मचाऱ्यांची, त्यात गाडीचालक आणि रखवालदारही आले, पोलीस पडताळणी झाली आहे का. जेवण तिथे शिजत असेल तर अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी आहे का. फ्लॅटमध्ये असेल तर सोसायटीची संमती आहे का, हे पाहावे. कॅमेरे असतील तर त्यांचे चित्रण कोण पाहू शकते आणि किती दिवस साठते, हे विचारावे. कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा नसावा.

दूध, डबा आणि झोप

काढून ठेवलेले आईचे दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत खोलीचे तापमान २५ अंश असण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून दूध बर्फाच्या पिशवीसह न्यावे आणि पोहोचताच फ्रिजमध्ये ठेवायला सांगावे. प्रत्येक बाटलीवर बाळाचे नाव, तारीख आणि वेळ लिहावी. दूध गॅसवर उकळू नये. बाटली कोमट पाण्यात धरून गरम करावी आणि बाळाने उष्टे ठेवलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे.

सहा महिन्यांनंतर खिमट, नाचणीसत्त्व, मऊ वरणभात हेच उत्तम, आणि डबा घरचा की तिथला, हे मुलाच्या वयानुसार ठरवावे. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, हे मावशींना मुद्दाम सांगावे, कारण तो प्रेमाने चाटवला जातो. जानेवारीपासून नाशिकच्या घराघरांत द्राक्षे येतात आणि डब्यातही येतात. अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखे बसते, म्हणून चार वर्षांखालील मुलासाठी प्रत्येक द्राक्ष उभे चिरून चार फोडी कराव्यात. शेंगदाणे, फुटाणे आणि बोरेही त्याच यादीत येतात. आपल्या मुलाच्या डब्यात ती नसली, तरी शेजारच्या मुलाच्या डब्यात असतात. घशात घास अडकला तर काय करायचे, हे किमान एका मावशींना करून दाखवता यायला हवे.

एक वर्षाखालील बाळाला पाठीवर, घट्ट गादीवर, उशी आणि जाड पांघरुणाशिवाय झोपवावे. झोळीत झोपवत असतील तर झोळी मावशींच्या नजरेसमोर हवी, दुसऱ्या खोलीत नको. घरी दुपारी कधी तासाभरापेक्षा जास्त न झोपणारे मूल पाळणाघरात रोज तीन-तीन तास झोपत असेल आणि घरी आल्यावरही गुंगीत असेल, तर त्याला सर्दीचे किंवा दुसरे कोणते औषध दिले जात नाही ना, हे स्पष्ट विचारावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

रुळण्याचे दोन आठवडे

कामावर रुजू होण्याच्या आदल्या सोमवारी पाळणाघर सुरू करणे ही सर्वसाधारण चूक आहे. दोन आठवडे आधी सुरुवात करावी. पहिले दोन दिवस आईने किंवा बाबांनी बाळाजवळ बसून अर्धा-पाऊण तास काढावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सांगून वीस मिनिटांसाठी बाहेर जावे आणि सांगितल्याप्रमाणे परत यावे. मग एक जेवण, मग जेवण आणि झोप, आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण दिवस, अशी वाढ करावी. सात-आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत आईपासून दूर होण्याची भीती सर्वांत तीव्र असते, तेव्हा या वयात सुरुवात होत असेल तर आणखी चार दिवस हाताशी ठेवावेत.

बाळाचे लक्ष चुकवून पळून जाऊ नये. आजी-आजोबा हाच सल्ला देतील आणि त्या दिवसापुरता तो लागूही पडेल, पण आई केव्हाही नाहीशी होऊ शकते असे एकदा मनात बसले की मूल घरीही पदर सोडत नाही. निरोप छोटा, रोज सारखा आणि खरा असावा. दीड-दोन वर्षांच्या मुलाला ‘पाच वाजता येते’ हे कळत नाही; ‘वरणभात, मग गाई, मग खाऊ, मग बाबा’ हे कळते. आईच्या जुन्या सुती साडीची गोधडी सोबत द्यावी आणि ती वारंवार धुऊ नये, तिचा वासच तर हवा असतो. सोडताना रडणे तीन-चार आठवडे चालू राहू शकते. आपण गेल्यावर दहा मिनिटांनी मूल शांत होते का, हे महत्त्वाचे. ते मावशींना विचारावे आणि एखादे वेळी दाराबाहेर थांबून स्वतः ऐकावे.

आजारपणाचा करार

पहिल्या वर्षी मूल वारंवार आजारी पडेल, हे गृहीत धरूनच दोघांच्या रजा वाटून घ्याव्यात. ताप, उलट्या-जुलाब किंवा अंगावर पुरळ असताना मूल पाठवू नये. औषध न देता चोवीस तास ताप आला नाही, की मगच पाठवावे. सकाळी पॅरासिटामॉल पाजून मूल सोडणारे पालक प्रत्येक पाळणाघरात असतात. दुपारी औषध उतरते, ताप चढतो आणि तोवर पाच मुलांनी तेच खेळणे तोंडात घातलेले असते. पावसाळ्यात तळहात, तळपाय आणि तोंडात फोड येणारा आजार असाच पसरतो. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरीच ठेवावे. लसीकरण कार्डाची प्रत, ॲलर्जी, नेहमीचे डॉक्टर आणि तातडीच्या वेळी कोणत्या रुग्णालयात न्यायचे, हे एका कागदावर लिहून पाळणाघरात लावून ठेवावे. आपण न सांगितलेले कोणतेही औषध द्यायचे नाही, जुलाब सुरू झाले तर ओआरएस सुरू करून फोन करायचा आणि प्रकृती गंभीर वाटली तर आमची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा, हे त्याच कागदावर असावे.

मावशींचे हात मोकळे राहावेत म्हणून

आपण फी देतो, यापलीकडे पालकांची काही जबाबदारी आहे असे अनेकांच्या मनातही येत नाही. पाळणाघर टिकते की खालावते, हे पुष्कळ अंशी पालकांवरही असते. फी पाच तारखेच्या आत द्यावी, कारण लहान पाळणाघरात तीच फी मावशींचा पगार होऊन जाते. मूल ठरल्या वेळी न्यावे. आपल्याला वीस मिनिटांचा उशीर होतो, तेव्हा मावशींची घरी जायची बस चुकते आणि त्यांचे स्वतःचे मूल शेजारणीकडे आणखी तासभर बसते. उशीर टळत नसेल तर आधी फोन करावा आणि त्या वेळेचे पैसे मावशींच्याच हाती पडतील असे ठरवून घ्यावे.

सकाळी सोडताना दोन वाक्ये नीट सांगावीत: रात्री झोप कशी झाली, सकाळी काय खाल्ले, कोठे लागले आहे का. घरात नवे बाळ येणार असेल, आजोबा गेले असतील, आई-बाबांत कुरबूर चालू असेल, तर तपशील न देता तेवढे ताईंच्या कानावर घालावे, कारण मुलाचे चिडणे, चावणे तिथे दिसते आणि कारण आपल्याकडे असते. सायंकाळी तक्रारीने सुरुवात करू नये. ‘डबा का नाही संपला’ यापूर्वी ‘मावशी, आज कसा गेला दिवस’ एवढे विचारले, तर डब्याचे उत्तर आपोआप येते. मावशींशी मुलासमोर एकेरीत किंवा चढ्या आवाजात बोलू नये. मूल दुसऱ्या दिवशी तेच करते.

दोन-तीन महिन्यांनी पालकांनी ताईंबरोबर बसून बोलावे, आणि त्या बैठकीत मावशींनाही बसवावे. आमच्याकडे अशाच एका बैठकीत कळले, की दुपारी एक ते दोन या वेळात जेवायलाही कोणाला उसंत मिळत नाही. आम्ही आठ पालकांनी महिन्याला थोडी थोडी रक्कम वाढवून त्या वेळापुरत्या आणखी एका मावशी ठेवायला ताईंना सांगितले. मुलांच्या गाद्या, चित्रांच्या वह्या आणि घरी पडून असलेली धुता येणारी लाकडी खेळणी देता येतात; बटण-सेलवर चालणारी खेळणी देऊ नयेत, गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो. कोणाच्या ओळखीने प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मावशींसाठी घडवून आणता आले, तर त्या दिवशी मुले सांभाळायला दोन पालकांनी रजा टाकावी. दिवाळीला साडीपेक्षा रोख बोनस द्यावा, आणि सर्व पालकांनी मिळून द्यावा, म्हणजे एखाद्याच मुलाला जास्त जवळ घेण्याचा मोह होणार नाही.

शंका आली तर

मूल अचानक पाळणाघराच्या रस्त्याला लागताच घाबरू लागले, एका विशिष्ट व्यक्तीला पाहून आकसले, शी-शूची लागलेली सवय मोडली, अंगावर कारण न सांगता येणारे वळ दिसले, तर ते ‘लाड’ म्हणून सोडून देऊ नये. साध्या हलगर्जीबद्दल आधी ताईंशी समोरासमोर, मग लेखी बोलावे आणि आठ दिवसांत काय बदलले ते न कळवता जाऊन पाहावे. मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर मात्र पालकांच्या व्हॉट्सॲप गटात चर्चा करत बसू नये. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये, त्याला आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत. लगेच सरकारी रुग्णालय आणि पोलीस गाठावेत. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर, म्हणजे पाळणाघराच्या चालकावरही, ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. ‘आपसात मिटवून टाकू’ असे म्हणणारा माणूस कायदा मोडत असतो.

पाळणाघर बदलायचे ठरले, किंवा तीन वर्षांनंतर मूल बालवाडीत जाऊ लागले, तरी एका दिवसात संबंध तोडू नये. महिनाभर आधी ताईंना लेखी कळवावे आणि मुलालाही रोज थोडे थोडे सांगत राहावे. शेवटच्या दिवशी मुलाच्या हाताने मावशींना काहीतरी द्यावे, औषधांचा कागद परत मागून घ्यावा आणि गोधडी विसरू नये.